‘निवांत विसावलेली पाकोळी’ निवांत नव्हती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या पुरवणीच्या पहिल्या पानावर आमच्या समुद्रातल्या खडकाळ बेटांवरच्या, म्हणजे वेंगुर्ले रॉक्सवरच्या, पक्ष्यांचे फोटो आले. सकाळी नऊच्या आत तीन घरांतून तीन पेपर माझ्याकडे पोचले. गल्लीला माहीत आहे की या म्हाताऱ्याला पाखरांचं वेड आहे, आणि हेही माहीत आहे की हा आता पेपर विकत घेत नाही, शेजाऱ्यांचाच वाचतो. तिघांचंही म्हणणं एकच, ‘आपल्या वेंगुर्ल्याचं नाव झालं बघा.’ नाव झालं याचा मलाही आनंद आहे. पण मधल्या मोठ्या फोटोखाली आपण जी ओळ छापलीत, ‘आपल्या घरट्यात निवांत विसावलेली पाकोळी’ (पाकोळी म्हणजे या खडकांच्या गुहांत घरटं करणारं पाखरू), तिच्यासाठी हे पत्र लिहायला बसलो.

मी पक्षितज्ज्ञ नाही. १९८१ ते २०१२ अशी एकतीस वर्षं बाजारपेठेत फोटो स्टुडिओ चालवला. लग्नं, मुंजी, पासपोर्ट, शाळांचे ग्रुप फोटो आणि अधूनमधून पोलिसांनी बोलावलं तर पंचनाम्याचे फोटोही. पाखरांबद्दल मला कळतं ते थोडं, पण फोटो वाचता येतो. तेव्हा तुमचा फोटो मी भिंग घेऊन वाचला.

पाखराच्या डोळ्यात दोन पांढरे ठिपके आहेत. एक डावीकडे वर, एक उजवीकडे. म्हणजे दोन फ्लॅश, आणि त्यातला एक तरी कॅमेऱ्यापासून बाजूला, कुणाच्या तरी हातात धरलेला. म्हणजे गुहेत किमान दोन माणसं होती. मागची भिंत पार गुहेच्या तोंडापर्यंत स्वच्छ दिसते आहे, तरी पाखरू चौकट भरून आहे. लांबच्या लेन्सने असा फोटो निघत नाही. ही वाइड लेन्स आहे आणि ती पाखरापासून हातभर अंतरावर आहे. पाखराची पिसं अंगाला घट्ट चिकटलेली, मान आत ओढलेली. कोंबडीवरून घारीची सावली गेली की ती अशी होते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मागच्या भिंतीवर मी आठ घरटी मोजली. एकातही पाखरू नाही. फोटो मे महिन्यातला आहे असं आपणच छापलं आहे. भर विणीच्या दिवसांत आठ घरटी रिकामी कशी? बाकीची सगळी उडून गेली म्हणून. ही एक राहिली, कारण तिच्याखाली अंडी नाहीतर पिल्लं असणार आणि तिचा पाय निघाला नाही. निवांतपणाचं मला त्यात काही दिसलं नाही.

हे मी एवढ्या खात्रीने लिहितो, कारण हाच फोटो मी १९९२ साली काढला आहे.

त्या वेळी माझ्याकडे पेंटॅक्स के-१००० होता आणि नॅशनलचा एक फ्लॅश. एप्रिल संपत आला होता, लग्नसराईत दोन दिवसांची फट सापडली. शाळेत माझ्याबरोबर असलेला एक मित्र तोवर तांडेल झाला होता. त्याच्या होडीतून पहाटे वेंगुर्ले बंदरातून निघालो. वारा नसेल तर दीड-दोन तासांत खडक गाठता येतात. लांबून दीपगृहाचा मनोरा आधी दिसतो, मग त्याच्या आजूबाजूचे बोडके, काळपट खडक. इंग्रजांच्या नकाशात त्यांना ‘बर्न्ट आयलंड्स’ म्हटलं आहे, जळकी बेटं. नाव ठेवणाऱ्याने नक्की एप्रिल-मे महिन्यातच ती पाहिली असणार. झाड नावाला नाही. ऊन खालून आणि वरून सारखंच लागतं. जवळ गेलं की आधी वास येतो, शिटेचा आणि सुक्या मासळीचा, आणि मग आवाज.

धक्का वगैरे काही नाही. लाट वर आली की उडी मारायची, ती खाली गेली की होडी दूर ढकलायची. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, गुहेच्या तोंडाशी उभं राहायला जेमतेम जागा होते. मी आत शिरलो आणि पहिला मिनिटभर काहीच दिसलं नाही. नुसतं टिक्-टिक्-टिक् ऐकू येत होतं, जुन्या भिंतीवरच्या पन्नास घड्याळांनी एकदम चालू व्हावं तसं. पुढे वाचून कळलं की पाकोळ्या अंधारात वटवाघळासारख्या आवाजावर वाट काढतात, फक्त त्यांचा आवाज आपल्या कानाला ऐकू येतो. (आमच्याकडे ‘पाकोळी’ म्हटलं की कोणी फुलपाखरू समजतो, कोणी वटवाघूळ. त्या दिवशी मला वटवाघूळ म्हणणाऱ्यांचं पटलं.) घरटी भिंतीला चिकटवलेली, अर्ध्या वाटीसारखी. पाखरू स्वतःची लाळ काढून तिच्यात पिसं आणि गवताच्या काड्या घालून ती बांधतं. प्रत्येकात दोन अंडी, पांढरीशुभ्र, लांबट, करंगळीच्या पेरापेक्षा लहान.

छत्तीसचा रोल होता. फ्लॅश मारला की गुहा उजळायची आणि सगळी पाखरं एकदम तोंडाकडे झेपावायची, माझ्या डोक्यावरून, कानाजवळून. परत यायची, परत फ्लॅश. नॅशनलचा फ्लॅश भरायला दहा-बारा सेकंद लागायचे, तेवढीच त्यांना उसंत. विसाव्या की एकविसाव्या फोटोला एक पाखरू घरट्यातून इतक्या घाईने सुटलं की त्याच्या पायाला लागून एक अंडं बाहेर आलं आणि माझ्या खांद्यावरच्या खाकी पिशवीच्या पट्ट्यावर पडून फुटलं. आवाजसुद्धा झाला नाही. मी पट्टा गुहेच्या भिंतीला पुसला आणि उरलेला रोल संपवला. हो, संपवला. लपवण्यात अर्थ नाही.

बाहेर आलो तर तांडेल होडीत विडी ओढत बसला होता. वर आकाशात पाकोळ्यांचं मोहोळ उठलेलं. त्याने वर बघितलं आणि म्हणाला, “झालो काय रे तुझो फोटो? पाखरां अजून वरच आसत.” त्यात राग नव्हता. मला वाटलं, गंमत करतोय. परतीच्या वाटेवर तो एक शब्द बोलला नाही, तेव्हा समजलं.

फोटो मात्र उत्तम आला. डार्करूममध्ये कागदावर ते पाखरू हळूहळू उमटायला लागलं तेव्हा अंगावर काटा आला होता. वीस बाय चोवीसची प्रिंट काढून स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावली आणि खाली लिहिलं, ‘वेंगुर्ल्याची पाकोळी, घरट्यात’. नववधूंच्या फोटोंपेक्षा लोक त्याच्यासमोर जास्त थांबायचे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी एक माणूस पासपोर्ट फोटो काढायला आला. आमच्याकडचा नव्हता, बोलण्यावरून कळत होतं. फोटो तयार होईपर्यंत त्या प्रिंटसमोर उभा राहिला. हे कुठलं? आत अशी किती असतील? होडी कुठून मिळते? माझी छाती फुगली. कुठल्या खडकाच्या कुठल्या अंगाला गुहा आहे, सुकती कधी साधायची, उडी कशी मारायची, सगळं सांगितलं. कागदावर नकाशा काढून दिला. पासपोर्ट फोटोचे पैसे घेताना दोन रुपये सोडलेसुद्धा.

२००१ साली इथल्या गुहांतून पाकोळ्यांची घरटी खरवडून नेण्याचा धंदा उघडकीस आला. चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था आणि वनखातं यांनी ते बाहेर काढलं. या घरट्यांचं सूप करतात, पूर्वेकडच्या देशांत त्याला सोन्याच्या मोलाने गिऱ्हाईक आहे. आमच्या गावात फार थोड्यांना हे ठाऊक होतं. मलाही नव्हतं. त्यानंतर ही पाकोळी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेली, म्हणजे वाघाच्या पंगतीला. तो पासपोर्टवाला त्यांतला होता की नुसता हौशी, मला आजतागायत कळलेलं नाही. बातमी वाचली त्या दुपारी दुकान बंद करून प्रिंट काचेतून काढली.

आता आपल्या पुरवणीतल्या चौकटीकडे येतो. ‘कसे जाल?’ या मथळ्याखाली आपण बंदर, अंतर, ‘उत्तम काळ : एप्रिल-मे’ आणि एका होडीवाल्याचा मोबाइल नंबर छापला आहे. मी एका माणसाला नकाशा काढून दिला होता. आपण तो किती हजार घरांत पोचवलात, ते आपल्यालाच माहीत. उत्तम काळ म्हणजे कोणाचा उत्तम काळ? एप्रिल-मे हा पाकोळ्यांच्या बाळंतपणाचा काळ आहे. एक जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, समुद्रही खवळलेला, तेव्हा खडकांना आपोआप कुलूप लागतं. म्हणजे अडचणीचे महिने नेमके कुलपाच्या आधीचे. तेच आपण वाचकांना उघडून दिलेत.

कायद्याचंही सांगतो, कारण आपल्या छायाचित्रकाराला ते बहुधा ठाऊक नसावं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणं हेही येतं. बंदूक लागत नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ते वाक्य तीनदा वाचलं. माझ्या छत्तीस फोटोंचं काय नाव आहे ते तेव्हा कळलं. त्या पोरावर खटला भरा असं मी म्हणत नाही, मग माझ्यावरही भरावा लागेल. त्याच्या फोटोत हात चांगला आहे. पण त्याला हे कोणीतरी सांगायला हवं होतं, आणि छापण्याआधी आपल्या टेबलावर कोणीतरी विचारायला हवं होतं, की बाबा, हा फोटो काढताना तू किती लांब होतास?

खडकांवर माणूस काही आजच जात नाही. ए. ओ. ह्यूम, हो, काँग्रेसच्या स्थापनेत ज्यांचं नाव शाळेत पाठ केलं तेच, १८७५ मध्ये लक्षद्वीपकडे जाताना इथे थांबले होते. ते पक्ष्यांचे मोठे अभ्यासक आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे पक्षी मारून गोळा करणारेही. पुढे हुमायून अब्दुलअली येऊन गेले आणि १९४२ साली त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात इथल्या सुरयांवर आणि पाकोळ्यांवर लिहिलं. सुरय म्हणजे ते पांढरे-राखी, शेपटीला कात्री असलेले, पाण्यावर सूर मारणारे पक्षी. आपण पुरवणीत त्यांना सरसकट ‘सीगल’ म्हटलं आहे. सीगल म्हणजे कुरव, तो निराळा. कुरव हिवाळ्यात किनाऱ्यावर पावाचे तुकडे खायला जमतात, सुरय या खडकांवर येतात ते अंडी घालायला. उघड्या खडकावर अंडं घालणाऱ्या सुरयाला दुपारी एकच काम असतं, आपल्या अंगाची सावली धरून उभं राहायचं. माणूस आला की ती सावली उडते. खडकाला पाय भाजतो म्हणून आपण टोपी आणि बूट घालून जातो. अंड्याला दोन्ही नसतं.

पण ह्यूम काय, अब्दुलअली काय, दहा-वीस वर्षांत एखादा यायचा. आता दिवस बदललेत. निवतीच्या खडकांजवळ ‘गुलदार’ ही नौदलातून निवृत्त झालेली युद्धनौका समुद्रात बसवून पाणबुडीतून पर्यटन करायची सरकारची योजना आहे. माझा भाचा होडी चालवतो, तो डोळे लावून बसला आहे. मीही विरोधात नाही. रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यावर, किती घरं चालतात ते इथे राहणाऱ्याला विचारा. पण पाणबुडीचं तिकीट काढलेला माणूस वर आल्यावर विचारणारच, ‘तिकडे खडकावर काय आहे? जाऊन येऊ या का?’ त्याला भाच्याने काय उत्तर द्यायचं, हे ठरवायची वेळ आत्ताची आहे. आणि पेपरात फोटो आलेला असेल तर भाच्याचं कोण ऐकणार? ‘पेपरात तर आत जाऊन काढलाय!’

माझी मुलगी वेल्समध्ये कार्डिफला असते. २०२४ च्या जूनमध्ये ती मला स्कोमर नावाच्या बेटावर घेऊन गेली. तिथे पफिन नावाचा पक्षी आहे, अंगाने काळापांढरा, चोच मात्र आपल्या दशावतारातल्या सोंगासारखी रंगवलेली. चाळीस हजारांवर पफिन आहेत त्या बेटावर. दिवसाला अडीचशे माणसांपेक्षा जास्त उतरू देत नाहीत. उतरल्यावर ऐंशीच्या वर पायऱ्या चढून गेलो (गुडघे अजून आठवण काढतात), तर वर एका मुलीने आम्हाला उभं करून बजावलं, पायवाट सोडायची नाही. कारण पाखरं जमिनीत बिळं करून राहतात, पाय चुकला की बीळ ढासळतं, आतलं पिल्लू गेलं. आणि पफिन वाटेवर आडवा आला तर तुम्ही थांबायचं, रस्ता त्याचा आहे.

मी वाटेच्या कडेला खाली बसलो. दहा मिनिटांत एक पफिन चोचीत मासोळ्यांची जुडी घेऊन माझ्या बुटाजवळून चालत गेला. दोन हातांवरून! फ्लॅश नाही, लपाछपी नाही. त्याला मी म्हणजे एक दगड होतो. तिथे शेजारी बसलेल्या एका बाईंकडे माझ्या घराच्या किमतीची लेन्स होती आणि ती त्यांना उपयोगाची नव्हती, पाखरू फार जवळ येत होतं. त्या हसत होत्या, मीही हसत होतो. पण मला बत्तीस वर्षांपूर्वीचं गुहेतलं टिक्-टिक् ऐकू येत होतं. तिथेही अंतर दोन हातांचंच होतं. फरक इतकाच की इथे ते अंतर पाखराने तोडलं होतं.

आपल्या खडकांवर स्कोमरसारखी पायवाट होणार नाही, जागाच नाही. आपल्याला होडीतूनच बघायला हवं, आणि होडीतून बघण्यासारखं खूप आहे. तारली मासळीचा थवा वर आला की सुरय एकामागून एक असे पडतात की कोणी मूठभर तांदूळ पाण्यावर फेकावेत. आमचे मच्छीमार अजूनही पाखरं कुठे पडतात ते पाहून जाळं टाकतात. समुद्र गरुड दिसतो, डॉल्फिन दिसतात. होडी हलते म्हणून तिवई आणू नका, काही उपयोग नाही. शटर दोन हजारांशावर ठेवा, कोपर बरगडीला दाबा, लाट माथ्यावर आली की ती क्षणभर थांबते, तेव्हा दाबा. लेन्स पुसायला जुनी मलमलची धोतरं आणा, खाऱ्या पाण्याने कोटिंग जातं. शंभरातले पंच्याण्णव फुकट जातील. रोलच्या काळात ते परवडत नव्हतं, आता काय हरकत आहे? खडकापासून पन्नासेक मीटर लांब, इंजिन मंद ठेवून, पंधरा-वीस मिनिटं. पाखरं खडकावरून उठायला लागली तर मागे फिरायचं. यात भाच्याचं भाडंही बुडत नाही.

म्हणून संपादक महाशय, माझं मागणं फार नाही. ती ‘कसे जाल?’ची चौकट निदान आपल्या इंटरनेटवरच्या आवृत्तीतून आजच काढावी, कागदावरची आता रद्दीत गेली असेल. यापुढे घरट्यातल्या पाखराचा, अंड्यांचा, पिल्लांचा फोटो कोणी पाठवला तर छापू नये, कितीही सुंदर असला तरी. खरं तर सुंदर असला तर मुळीच नको, तो पाहून पुढचा निघतो. पक्षी-छायाचित्रांच्या कितीतरी स्पर्धांनी घरट्यांचे फोटो घेणं बंद केलं आहे, आणि ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरसुद्धा ज्या पक्ष्यांना चोरांपासून धोका आहे त्यांच्या नोंदींची जागा झाकून ठेवतात. पेपराला हे जड जाऊ नये. आणि त्या छायाचित्रकाराला माझा निरोप द्या, ऑक्टोबरात समुद्र निवळला की ये. भाच्याची होडी आहे, चहा-पोहे माझ्याकडे. त्याला रागावणार नाही. त्याला पिशवीचा तो पट्टा दाखवायचा आहे, अजून आहे माझ्याकडे.

सोबत एक प्रिंट पाठवत आहे. २००६ च्या नोव्हेंबरात होडीतून काढलेली आहे. दीपगृह डाव्या कोपऱ्यात, उरलेल्या फोटोभर नुसतं पाणी आणि आभाळ, आणि मध्ये जे मिऱ्याचे दाणे सांडल्यासारखे दिसतात ती पाखरं. बायको म्हणाली होती, यात काही नाहीच. छापली नाहीत तरी हरकत नाही, पण परत जरूर पाठवा. तिची निगेटिव्ह बुरशीने गेली आहे.

आपला,
एक निवृत्त स्टुडिओवाला, वेंगुर्ले
(नाव-पत्ता आपल्या माहितीसाठी वेगळ्या कागदावर दिला आहे, छापू नये. भाच्याकडे होडीसाठी फोन येत राहतील आणि तो मला दोष देईल.)